डिकीपर्यंत जाणारी लाल वायर

गाडीच्या स्टिरिओच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं : ५० वॉट × ४. चार स्पीकर, प्रत्येकी पन्नास, म्हणजे एकूण दोनशे वॉट. हा आकडा येतो कुठून, ते एकदा कागदावर मांडून बघावं. इंजिन चालू असताना गाडीत मिळणारा दाब साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो आणि स्पीकरचा रोध असतो ४ ओहम. व्होल्टचा वर्ग करून त्याला रोधानं भागलं की वॉट मिळतात. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४ : उत्तर ५२ च्या आसपास. पण हे उत्तर खरं ठरायचं तर स्टिरिओनं स्पीकरला सतत पूर्ण दाब द्यायला हवा, एकदा या दिशेनं, एकदा त्या दिशेनं. तसं झालं तर गाणं ऐकू येणार नाही, नुसती गुरगुर ऐकू येईल. शुद्ध सुराच्या लहरीसाठी हाच हिशेब केला तर तो निम्म्यावर येतो, आणि आतल्या सर्किटची घट वजा केली की हातात १८ ते २० वॉट उरतात. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे हजार-दीड हजार वॉट छापलेले असायचे, त्याच घराण्यातला हा आकडा. खोक्यावर ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा शोधावा. विश्वास ठेवायचा तो त्याच्यावर.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचं कारण इथे आहे. बारा व्होल्टांतून जास्त ताकद निघत नाही, म्हणून अ‍ॅम्प आधी बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे भराभर तुकडे पाडतो, छोट्या ट्रान्स्फॉर्मरमधून नेऊन त्यांचा दाब वाढवून घेतो आणि त्या वाढीव दाबावर गाणं मोठं करतो. युक्ती जुनी आहे. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गाल्विन यांनी ‘मोटोरोला’ या नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. त्या काळातल्या रेडिओच्या व्हॉल्व्हना दोनशेच्या घरात व्होल्ट लागत आणि गाडीतली बॅटरी असे सहा व्होल्टची. पुढे काही वर्षांत या रेडिओंमध्ये ‘व्हायब्रेटर’ नावाचा भाग आला. त्यातली लवचिक पट्टी थरथरत सर्किट जोडायची-तोडायची आणि त्या तुकड्यांचा दाब ट्रान्स्फॉर्मर वाढवायचा. रेडिओत कान दिला तर त्याची गुणगुण ऐकू येई. आज तेच काम ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा, चिडीचूप करतात.

दाब वाढला तरी ताकद फुकट येत नाही. ती बॅटरीकडूनच घ्यावी लागते. लहान हॅचबॅकसाठी ३०० वॉट आरएमएसचा, सबवूफर चालवणारा मोनो अ‍ॅम्प धरू. (तीनशे खरे वॉट हॅचबॅकला पुरून उरतात. त्याहून जास्त ज्यांना हवे असतात त्यांना बहुतेक वेळा बास नको असतो, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीनं वळून बघायला हवं असतं.) क्लास-डी जातीचा अ‍ॅम्प असेल तर तो घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८० टक्के स्पीकरपर्यंत पोचवतो. म्हणजे ३०० वॉटसाठी ३७५ वॉट घेणार, आणि १३.८ व्होल्टवर त्याचे होतात २७ अँपिअर. गाण्यात हा भार सलग नसतो, ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला क्षणभर येतो. तरी वायर निवडायची ती त्या क्षणासाठी.

बोनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत, वळणं धरून, पाच मीटर वायर लागते. घरच्या फिटिंगमधली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर तिचा रोध भरतो ०.०३४ ओहम. ऐकायला नगण्य, पण २७ अँपिअरला त्यात ०.९ व्होल्ट अडकतो आणि २५ वॉट उष्णता कार्पेटखाली साठते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट ०.१५ व्होल्टवर येते. आता बाजारातल्या चकचकीत ‘अ‍ॅम्प किट’कडे पाहू. त्यातल्या स्वस्त किटमधली जाडजूड लाल वायर बरेचदा अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं. शिवाय जाडी कित्येकदा आतल्या धातूची नसतेच, वरच्या प्लास्टिकची असते. टोक सोलून तारेला ब्लेडनं खरवडलं आणि आतून चंदेरी रंग दिसला, तर ती अ‍ॅल्युमिनियम समजावी. (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही बाहेरून चंदेरी दिसतं, पण खरवडल्यावर आत लालसर निघतं.) मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन, नाहीतर आपल्याच गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून, १६ चौरस मिलिमीटरची बारीक तारांची लवचिक तांब्याची वायर मीटरवर घ्यावी. बोनेटमधल्या भागावर उष्णता सोसणारी नालीदार स्लीव्ह चढवावी. ती किटइतकी देखणी दिसत नाही. कार्पेटखाली गेल्यावर कोण बघतंय?

या वायरीचं सगळ्यात महत्त्वाचं अंग म्हणजे बॅटरीजवळचा फ्यूज, आणि त्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त. ‘अ‍ॅम्पमध्ये फ्यूज आहेच की, आणखी कशाला?’ असं दुकानातली माणसंसुद्धा विचारतात. अ‍ॅम्पमधला फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. बॅटरीजवळचा असतो वायरीसाठी. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली आहे, म्हणजे ही लाल वायर पाच मीटरभर शत्रूच्या प्रदेशातून जाते. कुठेही इन्शुलेशन घासून तांबं पत्र्याला टेकलं, की इंजिन फिरवण्यासाठी शेकडो अँपिअर देऊ शकणारी बॅटरी तेवढाच करंट या वायरीत ओतते. वायर लाल होते, कार्पेट पेटतं. अ‍ॅम्पमधल्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण तो शॉर्टच्या पलीकडच्या टोकाला असतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फार तर ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. त्याचा आकडा वायर सहज पेलेल त्याहून कमी आणि अ‍ॅम्पच्या भुकेहून थोडा जास्त : आपल्या उदाहरणात ४० अँपिअर. तो वारंवार उडत असेल तर मोठा टाकून प्रश्न सुटत नाही, वाढतो.

प्रत्यक्ष कामाला दहाचा पाना, मल्टिमीटर, क्रिम्पिंगचं हत्यार आणि बराचसा धीर लागतो. सुरुवात बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढण्यापासून. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणग्यांचा वर्षाव होतो. निगेटिव्ह सुटलेलं असेल तर काहीच होत नाही. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. बोनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत आणायला नवं भोक पाडण्याचा मोह टाळावा. कंपनीच्या वायरी जिथून आत येतात तिथे रबरी ग्रोमेट असतं, बहुधा त्यातच जागा निघते. नवं भोक पाडावंच लागलं तर त्यात ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढायची नाही. पत्र्याची कड ही सुरीच असते. आत आल्यावर वायर क्लच-ब्रेकच्या पेडलांपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून मागे न्यावी. वाटेत पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात.

आता अर्थिंग. लाल वायरीतून जेवढा करंट जातो तेवढाच परत यायचा असतो, तरी लाल वायरीवर हजारो रुपये घालणारी माणसं परतीची वाट एखाद्या स्क्रूवर सोडून देतात. काळी वायर लालइतकीच जाड आणि हातभर लांबीची असावी. तिच्या टोकाला लग क्रिम्प करून ती डिकीतल्या पत्र्याच्या मजबूत भागावर बोल्टनं आवळावी, आणि त्याआधी तिथला रंग सँडपेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा. रंग विजेला अडवतो. सीटबेल्टचा बोल्ट या कामाला वापरू नये. तो माणसाच्या जिवासाठी आहे. काम झाल्यावर उघड्या धातूवर ग्रीस किंवा रंगाचा हात मारावा, नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे गंज चढतो आणि वर्षभरानं ‘अ‍ॅम्प खराब झाला’ म्हणून तक्रार सुरू होते. अर्थ नीट बसला का, हे मल्टिमीटर सांगतो. गाणं मोठ्यानं लावून अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्ट मोजावेत. ते ०.१ च्या आसपास असतील तर ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट पुन्हा उघडायचा.

काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली तर आणखी चांगलं, असं काहींना वाटतं. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांत हे उलटं पडतं. त्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. आपण त्याला वळसा घातला तर अ‍ॅम्पनं खाल्लेली वीज गाडीच्या हिशेबात येत नाही. तिथे बॉडी अर्थच बरोबर.

सिग्नलच्या, म्हणजे आरसीएच्या, वायरी लाल वायरीच्या विरुद्ध बाजूनं न्याव्यात. इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार होणारी ‘कुंई’ स्पीकरमधून आली, तर दोष बहुधा स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांच्या अर्थमधल्या फरकाचा असतो. महागडे फिल्टर घेण्याआधी तो बोल्ट तपासावा. हल्लीच्या कंपनी-फिटेड टचस्क्रीनला आरसीए नसतेच. तिथे ‘हाय-लेव्हल इनपुट’ असलेला अ‍ॅम्प घ्यावा, तो स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल उचलतो. जोडणीसाठी मूळ वायरी कापू नयेत. गाडीच्या मॉडेलनुसार तयार कपलर मिळतात, ते मधे बसवले की काम होतं, आणि वॉरंटीच्या काळात सर्व्हिस सेंटरशी वाद घालण्याची वेळ येत नाही. अ‍ॅम्पला ‘ऊठ’ सांगणारी एक बारीक रिमोट वायर असते, बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंवर ती निळी-पांढरी असते. ती थेट बॅटरीला जोडली तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

एवढा खटाटोप खालच्या सुरांसाठीच का? कारण खालचा सूर हवा ढकलून घेतो. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली आणला, ८० हर्ट्झवरून ४० वर, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागे-पुढे जावं लागतं. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरचं क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस सेंटिमीटर, बारा इंची सबवूफरचं पाचशेच्या जवळ. त्यात आपले कान खालच्या सुरांना बधिर. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की एकाच तीव्रतेचे वेगवेगळे सूर कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. हलक्या आवाजात मंद्र सूर तर फारच मागे पडतात. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला ७० डेसिबलच्याही वर जावं लागतं. आवाज कमी केला की पखवाज आधी गायब होतो, तो यामुळे.

गाडी मात्र या बाबतीत आपल्या बाजूनं आहे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे हॅचबॅकच्या केबिनच्या कितीतरी पट. इतक्या लांब लहरी बंद केबिनमध्ये धावत नाहीत, आतली सगळी हवा एकदम दाबतात आणि सोडतात. त्यामुळे साधारण ५०-६० हर्ट्झच्या खाली गाडी फुकटात बास वाढवून देते. दिवाणखान्यात फुसका वाटणारा सबवूफर गाडीत दणका देतो, तो या कारणानं. आणि ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून डबा मागे डिकीत ठेवला तरी ढोलकी समोरच वाजल्यासारखी वाटते.

डबा हा सबवूफरचा अर्धा भाग आहे. पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही एकत्र मिसळल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा सबवूफर हातात धरून वाजवला तर तो नुसता थरथरतो. मागची हवा कोंडली तर बास येतो, आणि कोंडलेली हवा स्वतःच स्प्रिंगचं काम करते. या तत्त्वावरचे छोटे बंद डबे अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणले. दुसरी रीत पोर्टची, म्हणजे डब्याला नळी ठेवायची. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते. पोर्टचा डबाही तसाच घुमतो आणि तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देतो. पण ज्या सुराला तो घुमतो त्याच्या खाली पडद्याला आवरणारं कुणी उरत नाही, म्हणून अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर लावावाच लागतो, आणि नळीची लांबी चुकली तर सगळी गाणी एकाच सुरात गुरगुरतात. डब्याचं माप अंदाजानं काढायचे दिवस केव्हाच गेले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जे गणित मांडलं, त्यावरूनच प्रत्येक सबवूफरसोबत ‘किती लिटरचा डबा’ हे छापून येतं. पहिल्यांदा करणाऱ्यानं बंद डबाच करावा, असं माझं मत आहे. आतून ३६ × ३६ × २२ सेंटिमीटर घेतले की २८ लिटर होतात आणि बऱ्याचशा बारा इंची सबवूफरना तेवढे पुरतात. १८ मिलिमीटरचा एमडीएफ, सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू, आतून सिलिकॉन. जिथे डिकीत दमट हवा आणि ओल्या छत्र्या असतात तिथे मरीन प्लाय बरा, कारण एमडीएफ पाणी पिऊन फुगतो. डबा खरंच बंद आहे का ते पडद्यावर हळूच तळवा दाबून बघावं : सावकाश परत आला तर हवाबंद, पटकन परत आला तर कुठेतरी फट आहे. झाल्यावर तो डिकीच्या तळाला पट्ट्यांनी बांधायचा. वीस किलोचा डबा जोरात ब्रेक लागल्यावर मागच्या सीटवरच्या माणसाकडे येतो, हे विसरू नये.

दोन कॉइलचा सबवूफर असेल तर ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडून २ ओहम होतात, एकापुढे एक जोडून ८. अ‍ॅम्प किती ओहमपर्यंत सोसतो ते त्याच्या पुस्तिकेत बघूनच जोडावं.

मग येतो ‘गेन’चा खटका, आणि इथे सबवूफर जळतात. गेन हा आवाजाचा खटका समजून लोक तो पूर्ण फिरवतात. त्याचं काम एवढंच, की स्टिरिओचा सिग्नल जिथे कमाल होतो तिथेच अ‍ॅम्पही कमाल व्हावा. त्याच्या पुढे गेलं की लहरींचे माथे सपाट कापले जातात, ताकद वाढत राहते आणि ती सगळी कॉइल तापवण्यात जाते. हिशेबानं लावणं सोपं आहे. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. ३०० वॉट आणि २ ओहमसाठी २४.५. सबवूफरची वायर काढून ठेवावी, बास-बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, स्टिरिओ पाऊण आवाजावर, पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा शुद्ध सूर, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. गेन हळूहळू वाढवत २४ च्या जवळ थांबायचं. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर आणि दारातल्या स्पीकरना सोय असेल तर हाय-पासही तेवढाच. बासचं ओझं उतरलं की तेही मोकळे गातात. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून दुसऱ्या कुणाला फेजचा खटका ० आणि १८० मध्ये बदलायला सांगावं. ज्या बाजूला बास भरदार वाटेल ती ठेवायची.

ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावत असतील तर दुकानदार एक फॅरडचा कपॅसिटर दाखवतो, निळ्या दिव्याचे आकडे असलेला. त्याचाही हिशेब करू. दाब १३.८ वरून १२.८ वर येईपर्यंत तो जेमतेम १३ ज्यूल देतो. ३७५ वॉट घेणाऱ्या अ‍ॅम्पला ते ०.०३५ सेकंद पुरतात. निळे आकडे छान दिसतात. त्या पैशात चांगली बॅटरी आणि जाड अर्थ होतो. आणि इंजिन बंद ठेवून अलिबागच्या किनाऱ्यावर दोन-तीन तास गाणी लावायची असतील, तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत परत निघण्यापुरता दम राहील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

सीएनजीच्या गाडीत डिकी सिलिंडरनं आधीच व्यापलेली असते. तिथे सीटखाली बसणारा, अ‍ॅम्प पोटात असलेला चपटा सबवूफर हाच शहाणा पर्याय. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि गॅसची नळी यांच्याजवळून पॉवरची वायर न्यायची नाही, आणि फ्लोअरला ड्रिल लावायचंच नाही. खालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात. इलेक्ट्रिक गाडीतही एक १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि अ‍ॅम्प तिलाच जोडायचा असतो. नारिंगी रंगाच्या जाड केबल शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांच्या वाटेला जायचं नाही.

सगळं जोडून झाल्यावर पहिल्या रात्री नंबरप्लेट आणि डिकीवरचा शेल्फ खडखडतात. फोमची पट्टी लावली की गप्प होतात. आठवड्यानं बोनेट उघडून सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण तांब्याचे लग दाबाखाली बसतात आणि सैल होतात. त्या दिवशी अर्धा तास मोठ्यानं गाणी वाजवून फ्यूजच्या डबीला हात लावून बघावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर तिथला जोड उघडून नव्यानं क्रिम्प करायचा.